शाळांचे गुणांकन
शाळांचे गुणांकन : सार्वजनिक निधीतून चालणाऱ्या शाळांचे कार्य ठरावीक निकषांवर तपासून त्यांना गुण वा श्रेणी देण्याची पद्धती. शासनाला व पालकांना शाळेकडे जाब मागता यावा, हा तिचा हेतू होय.

वुडच्या खलित्याने (१८५४) खाजगी शाळांना अनुदान आणि त्याबरोबर सरकारी तपासणी, हे तत्त्व हिंदुस्थानात आणले. इंग्लंडमध्ये रॉबर्ट लो याच्या १८६२ च्या सुधारित संहितेने अनुदानाचा मोठा भाग वाचन, लेखन व अंकगणित यांतील उत्तीर्णतेशी जोडला आणि त्याच दशकात मुंबई इलाख्यातही निकालावर अनुदान देण्याची रीत पडली. तपासनीस शाळेत येऊन इयत्तावार मुलांची परीक्षा घेई. उत्तीर्णांच्या संख्येवरून रक्कम ठरे. हिशेब सोपा होता, हेच तिचे आकर्षण. परंतु तीमुळे घोकंपट्टी वाढली, ज्या विषयास पैसा नाही तो मागे पडला आणि मार्गदर्शन करावयाचा तपासनीस केवळ परीक्षक उरला. स्वतः तपासनीस असलेल्या मॅथ्यू आर्नल्डने इंग्लंडमध्ये हेच आक्षेप घेतले होते. हंटर आयोगाने (१८८२) महाविद्यालयांना ही पद्धत नको म्हटले. प्राथमिक शाळांसाठी मात्र तिची शिफारस केली, ही विसंगतीच म्हणावी लागेल. विसाव्या शतकाच्या प्रारंभी ती मागे पडली.

खापरखेडा (ता. सावनेर, जि. नागपूर) हे औष्णिक वीजकेंद्राचे गाव. हा प्रदेश पूर्वी मध्य प्रांतात होता व १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आला. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा स्थापन झाल्यावर येथील ग्रामीण प्राथमिक शिक्षण त्यांच्याकडे गेले. पुढे दीर्घकाळ शेरेबुकातील अधिकाऱ्याचा अभिप्राय हीच शाळेची पत होती. २०१५ मध्ये राज्याचा ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ व केंद्राचा ‘शाळासिद्धी’ हे उपक्रम आले. शाळासिद्धीत ७ क्षेत्रे, ४६ मानके व तीन स्तर असून शाळा प्रथम स्वतःचे मूल्यमापन करते व नंतर बाह्य पथक ते पडताळते. औद्योगिक गावात पालकांच्या कामाबरोबर मुले वर्षाच्या मध्येच शाळेत येतात वा सोडून जातात. तेथे एका दिवसाच्या चाचणीची सरासरी शिक्षकाचे श्रम किती दाखवील, याविषयी शंका राहते.

केंद्राच्या राज्यनिहाय कामगिरी-श्रेणी निर्देशांकातही हीच अडचण दिसते. त्यात १,००० पैकी ३६० गुण प्रशासकीय प्रक्रियांना, तर अध्ययन-निष्पत्तीस १८० च होते. २०२०–२१ मध्ये महाराष्ट्रास ९२८ गुण मिळून तो केरळ व पंजाब यांच्याबरोबर अग्रस्थानी होता. पुढच्याच वर्षी निकष व भारांक बदलले, तेव्हा त्याचे गुण ६०० च्या आत आले. वर्गांत शिकविणारे शिक्षक मात्र बव्हंशी तेच होते.