सम्राटाची प्रत

ग्रंथाचें मोल त्याच्या अंतरंगांत असतें, बहिरंगांत नव्हे, असें आपण नेहमीं म्हणतों. परंतु ग्रंथांचा इतिहास पाहूं लागलें म्हणजे हें विधान दिसतें तितकें सोपें नाहीं असें आढळून येतें. कित्येकदां ग्रंथाची बांधणी ग्रंथकाराच्या आयुष्याचीच हकीकत सांगते. युरोपांतील विद्येच्या पुनरुज्जीवनकालांतल्या अशा एका प्रतीची ओळख आज आम्ही वाचकांस करून देत आहों.

ही प्रत आंद्रेआस व्हेसालियस याच्या ‘दे ह्यूमानि कॉर्पोरिस फाब्रिका’, म्हणजे ‘मानवी शरीराची रचना’, या लॅटिन महाग्रंथाची. हा सात भागांचा ग्रंथ इ. स. १५४३ मध्यें बाझल येथें योहान्नेस ओपोरिनस या मुद्रकानें छापला. कोपर्निकसचा सुप्रसिद्ध ग्रंथ न्युरेंबर्ग येथें निघाला तो याच वर्षीं. ब्रह्मांड आणि पिंड या दोहोंविषयींच्या जुन्या समजुतींस असा एकदमच धक्का बसला. त्या वेळीं व्हेसालियसचें वय अवघें २८ वर्षांचें होतें.

व्हेसालियस मूळचा ब्रुसेल्सचा. त्याचा बाप सम्राट पांचवा चार्ल्स याच्या पदरीं औषधें तयार करणारा होता. पॅरिस येथें अध्ययन करून व्हेसालियस इटलींतील पाडुआ येथें गेला आणि १५३७ सालीं तेथें शस्त्रवैद्यक व शारीरशास्त्र शिकवूं लागला. त्या काळीं आचार्यानें उच्चासनावर बसून गॅलनचा ग्रंथ वाचावा, खालीं दुसऱ्या कोणीं प्रेत चिरावें, आणि जें दिसेल तें ग्रंथाशीं न जुळल्यास दोष प्रेताला द्यावा, असा परिपाठ होता. व्हेसालियस आसनावरून खालीं उतरला आणि त्यानें सुरी आपल्या हातांत घेतली. गॅलन हा इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांतील थोर वैद्य. परंतु त्यानें चिरून पाहिलीं तीं मुख्यतः माकडें व इतर जनावरें. मनुष्याचा खालचा जबडा दोन हाडांचा असतो, असें त्याचें म्हणणें होतें. व्हेसालियसनें तो एकाच हाडाचा आहे असें दाखविलें. तेरा शतकें जी गोष्ट पढली जात होती ती कोणाही वैद्याला एखादी कवटी हातांत घेऊन पडताळतां आली असती. परंतु वंदनीय ग्रंथ समोर असला म्हणजे डोळे असूनही मनुष्य पाहात नाहीं.

पाडुआच्या एका न्यायाधीशानें देहान्त शिक्षा झालेल्या गुन्हेगारांचीं प्रेतें व्हेसालियसला देवविलीं, म्हणून हें काम झालें. ग्रंथांत दोनशेंहून अधिक चित्रें आहेत. त्यांचे लांकडी ठसे व्यापाऱ्यांच्या मार्फत आल्प्स पर्वत ओलांडून बाझलला गेले. एका चित्रांत तर सांगाडाच कोपर टेकून, समोरच्या कवटीवर हात ठेवून विचारमग्न उभा आहे. शास्त्र आणि कला यांचा असा मिलाफ त्यापूर्वीं छापील ग्रंथांत क्वचितच झाला असेल.

हा ग्रंथ व्हेसालियसनें सम्राटालाच अर्पण केला. त्यासाठीं जी प्रत सिद्ध केली तिच्यांतील चित्रें हातानें रंगविलेलीं असून तिची बांधणी जांभळ्या रेशमी मखमलीची आहे. जांभळा हा रोमन बादशहांपासून चालत आलेला राजवर्ण. वधस्तंभावर गेलेल्यांच्या अस्थिस्नायूंवर अशी बादशाही मखमल चढली! याला निव्वळ खुशामत म्हणणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. गॅलनच्या चुका दाखविणें म्हणजे साऱ्या वैद्यवर्गाशीं वैर घेणें होतें. खुद्द पॅरिस येथील त्याचा गुरु सिल्व्हियस पुढें १५५१ सालीं त्याच्या नांवावर श्लेष करून त्याला वेडा ठरविण्यापर्यंत गेला. अशा वेळीं राजाश्रय ही ढालच होती.

परंतु ढालीचें ओझेंही वाहावें लागतें. सम्राटानें त्याला आपल्या वैद्यांत घेतलें आणि पाडुआची प्रेतशाळा सुटली. दरबारीं रुजू होण्याच्या सुमारास, टीकेला कंटाळून, त्यानें आपलीं टिपणें व अप्रसिद्ध लिखाण जाळून टाकलें. हें त्यानें स्वतःच १५४६ मध्यें लिहून ठेविलें आहे. त्याची शोधक बुद्धि मात्र विझली नव्हती. हृदयाच्या दोन कप्प्यांमधील पडद्यांतून रक्त झिरपतें या गॅलनच्या मताविषयीं पहिल्या आवृत्तींत त्यानें केवळ आश्चर्य दर्शविलें होतें. १५५५ च्या दुसऱ्या आवृत्तींत त्यानें आपला संशय उघड बोलून दाखविला. पण या तोडीचा दुसरा नवा ग्रंथ त्याच्या हातून झाला नाहीं. १५६४ सालीं, जेरुसलेमच्या यात्रेहून परततांना, झांटे बेटावर त्याचा अंत झाला.

आणि ती मखमली प्रत? सम्राटानें ती फ्रान्सचा वकील झाक मेनाज याला देऊन टाकली. पुढें हातोहात फिरत ती १९९८ सालीं न्यूयॉर्क येथें लिलांवास आली आणि सोळा लाख डॉलरांहून अधिक किंमतीस गेली. पुस्तक छापलें जात असतांना व्हेसालियसनें बाझल येथें एका गुन्हेगाराचें प्रेत सर्वांसमक्ष चिरून त्याचा सांगाडा जोडून दिला होता. तो आजही तेथील विद्यापीठाच्या संग्रहांत आहे. मूळचे ठसे मात्र १९४४ सालीं म्युनिक येथें बाँबवर्षावांत नष्ट झाले.

राजहस्तांत गेलेल्या प्रतीचा आम्ही अनादर करीत नाहीं. तिच्यामुळें त्या चित्रांचें बादशाही रूप आज पाहावयास मिळतें. परंतु दोन्ही आवृत्त्या मिळून सातशेंच्या वर प्रती जगांत अजून टिकून आहेत, आणि त्यांतील कित्येकींच्या समासांत वाचणाऱ्यांनीं आपल्या हातानें टिपणें केलेलीं आढळतात. ‘स्वतः पाहा’ असें सांगणाऱ्या ग्रंथाचा खरा सन्मान या समासांत झाला, असें आम्हांस वाटतें.