शिकागोहून जेरुसलेमला, आणि परत

अमेरिकेतल्या कुटुंब साक्षरतेची गोष्ट बहुतेक ठिकाणी केंटकीपासून सुरू होते. १९८६ साली त्या राज्याने ‘पेस’ नावाचा उपक्रम काढला. शाळा अर्धवट सुटलेले आईबाप आणि त्यांची तीन-चार वर्षांची मुलं एकत्रच शाळेत यायची. मुलं बालवर्गात बसायची, मोठी माणसं त्यांच्या वर्गात, आणि दिवसातला थोडा वेळ दोघांनी मिळून खेळायचं. शॅरन डार्लिंग यांनी हे काम वाढवलं आणि १९८९ मध्ये लुइव्हिल शहरात त्यासाठी राष्ट्रीय केंद्र उभं केलं. त्याच सुमारास अमेरिकन संसदेने ‘ईव्हन स्टार्ट’ हा देशव्यापी कार्यक्रम मंजूर केला. पुढे टोयोटा कंपनीचा पैसा आला, स्पॅनिश बोलणारी कुटुंबं आली, इंग्रजीचे वर्ग आले.

इंग्रजी न येणाऱ्या घरांपुरतं बोलायचं तर ही वंशावळ अपुरी पडते. परक्या भाषेच्या देशात आलेल्या, स्वतः फारशा न शिकलेल्या आईने घरच्या टेबलाशी बसून आपल्या मुलाला शिकवायचं, ही कल्पना केंटकीच्या आधी जेरुसलेममध्ये आकाराला आली होती. आणि जेरुसलेममध्ये ज्या संस्थेत ती आकाराला आली, त्या संस्थेच्या नावातच एका अमेरिकन महिला संघटनेचं नाव होतं. हिब्रू विद्यापीठातली ती संशोधन संस्था १९६८ साली ‘नॅशनल काउन्सिल ऑफ ज्यूइश विमेन’ या संघटनेच्या पाठबळाने सुरू झाली होती. पाटीवरचं हे नाव सहज नजरेआड होतं. पण तोच धागा ओढत गेलं की थेट १८९३ च्या शिकागोत येऊन पोचतो.

१८९३ चं शिकागो मराठी वाचकाला ओळखीचं आहे, विवेकानंदांमुळे. सर्वधर्म परिषद ११ सप्टेंबरला सुरू झाली. तिच्याच छत्राखाली, आठवडाभर आधी, ज्यू स्त्रियांची एक स्वतंत्र परिषद भरली होती. हॅना ग्रीनबाउम सॉलोमन या बाईंना आधी पुरुषांच्या कार्यक्रमात सहभागाचं निमंत्रण होतं. तिथे गेल्यावर कळलं, की बायकांनी पाहुण्यांची उठबस करावी एवढीच अपेक्षा आहे. त्या उठून बाहेर पडल्या, बायकांची परिषद वेगळी भरवली आणि ती संपता संपता कायमस्वरूपी संघटना स्थापन झाली. हीच ती काउन्सिल.

त्या काळात पूर्व युरोपातून ज्यू निर्वासितांची रीघ लागली होती. काउन्सिलच्या बायका न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर जाऊन उभ्या राहू लागल्या. एकट्या उतरणाऱ्या मुलींना गाठायचं, त्यांच्या भाषेत बोलायचं, पत्ता खरा आहे का ते पाहायचं. पुढे इंग्रजीचे आणि नागरिकत्वाचे वर्ग आले. या वर्गांत आया का येऊ लागल्या, याचं उत्तर कायद्यांत सापडतं, आणि ते कायदे वाचण्यासारखे आहेत.

१९०६ पासून अमेरिकेचं नागरिकत्व हवं असेल तर इंग्रजी बोलता येणं बंधनकारक होतं. ही अट नवऱ्याला होती. नवरा नागरिक झाला की बायको आपोआप नागरिक व्हायची, मग तिला इंग्रजीचा एक शब्द येवो न येवो. १९१७ च्या कायद्याने देशात शिरतानाच वाचनाची परीक्षा लावली. सोळा वर्षांवरच्या माणसाने कुठल्याही एका भाषेतले तीस-चाळीस शब्द वाचून दाखवायचे. पण त्यातही सवलत होती. प्रवेशाला पात्र ठरलेल्या माणसाला आपली बायको, आई, आजी, अविवाहित किंवा विधवा मुलगी सोबत आणता यायची, तिला वाचता येत असो वा नसो. म्हणजे सरकारच्या लेखी घराची साक्षरता घरच्या पुरुषात मोजली जात होती. १९२२ च्या केबल कायद्याने हे मोडलं. बायकोचं नागरिकत्व नवऱ्यापासून सुटं झालं. मतदानाचा हक्क दोनच वर्षांपूर्वी मिळाला होता. आता तो वापरायचा तर तिने स्वतः अर्ज करायचा, स्वतः परीक्षकासमोर उभं राहायचं. काउन्सिलच्या स्थलांतरित-साहाय्य विभागाच्या सेसिलिया राझोव्हस्की यांनी याच काळात नव्याने येणाऱ्यांसाठी पुस्तिका लिहिल्या. चूल आणि मूल सांभाळणाऱ्या बाईला इंग्रजी कसं शिकवायचं, हा प्रश्न या संघटनेपुढे असा कायद्यामुळे येऊन पडला.

इथे कॅलिफोर्नियाचा दावा विचारात घ्यायला हवा, कारण तो भक्कम आहे. १९१५ साली कॅलिफोर्नियाने ‘होम टीचर’ कायदा केला. त्यानुसार शाळांना अशा शिक्षिका नेमता येत होत्या, ज्या मुलांच्या घरी जाऊन आयांना इंग्रजी शिकवतील. घर, आई, शाळकरी मूल, दारात आलेली शिक्षिका: सगळी पात्रं हजर आहेत. मग कुटुंब साक्षरतेचा जन्म इथेच का मानू नये?

कायद्याचा मजकूरच त्याच्या आड येतो. शिक्षिकेने इंग्रजीबरोबर आरोग्याचे नियम, अन्न आणि कपड्यांची खरेदी, घरकाम आणि अमेरिकन राज्यपद्धतीची तत्त्वं शिकवायची होती. मेक्सिकन बाईने काय रांधावं, घर कसं झाडावं, हे तिला दुसऱ्या कुणीतरी सांगायचं. १९२९ मध्ये कोव्हिना गावच्या पर्ल एलिस यांनी ‘अमेरिकनायझेशन थ्रू होममेकिंग’ नावाचं पुस्तकच लिहिलं आणि मेक्सिकन मुलींना शिवण-स्वयंपाकातून अमेरिकन कसं करावं ते मांडलं. या पद्धतीत आई सदैव विद्यार्थिनी राहते. तिला जे येतं ते पुसून टाकायचं असतं. घराच्या उंबऱ्यापर्यंत शाळा पोचली, एवढं श्रेय कॅलिफोर्नियाला नक्की द्यावं. पण मुलाची गुरू म्हणून आईला त्या कायद्यात जागा नाही, आणि कुळाची खूण तीच आहे.

ती जागा मिळाली १९६९ मध्ये, इस्रायलमध्ये. देश स्थापन झाल्यापासून मोरोक्को, येमेन, इराक, इराण अशा ठिकाणांहून लाखो ज्यू तिथे आले होते. आशिया-आफ्रिकेतून आलेल्या त्या लोंढ्यात आपल्या कोकणातले बेने इस्रायलही होते. घरी मराठी बोलणारी, कुलाबा जिल्ह्यातल्या गावांच्या नावांवरून आडनावं घेतलेली ही माणसं दिमोना, लोद, अश्दोद अशा गावांत वसली. अशा नवागत घरांतली मुलं पहिलीत गेली की मागे पडतात, हे तिथल्या शिक्षणतज्ज्ञांना दिसत होतं. हिब्रू विद्यापीठातल्या अविमा लोंबार्ड यांनी प्रश्न वेगळ्या बाजूने धरला. मुलाला आणखी एका वर्गात बसवण्यापेक्षा आईलाच शिकवायला लावलं तर काय होईल? तेल अवीवमध्ये हा प्रयोग संशोधन म्हणून सुरू झाला. हिब्रूत त्याचं नाव ‘हा-एत्गार’, म्हणजे आव्हान. जगभर तो इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘हिप्पी’ या नावाने गेला. फुलं माळून फिरणाऱ्या त्या हिप्पींशी त्याचा काहीही संबंध नाही.

या पद्धतीतलं खरं यंत्र बारकाईने पाहण्याजोगं आहे. आईला देण्यासाठी दर आठवड्याला एक पुडकं तयार असतं: गोष्टीचं पुस्तक, आकार ओळखण्याचे, रेघा ओढण्याचे, वस्तू लावण्याचे कागद, आणि आईने काय म्हणायचं ते वाक्यावाक्याने लिहिलेलं. वर्षाला अशी तीस पुडकी. हे पुडकं घेऊन दाराशी येणारी बाई पदवीधर शिक्षिका नसते. ती त्याच वस्तीतली, स्वतःचं मूल याच कार्यक्रमात असलेली आई असते. ती समजावून सांगत बसत नाही. दोघी टेबलाशी बसतात आणि नाटक करतात. एक आई होते, दुसरी चार वर्षांचं मूल. मूल झालेली बाई मुद्दाम चुकते, त्रिकोणाला चौकोन म्हणते, कंटाळते, पेन्सिल टाकून देते. आई झालेल्या बाईने ओरडायचं नाही, उत्तरही सांगायचं नाही, पुन्हा विचारायचं. मग भूमिका बदलायच्या. आदल्या दिवसांत हेच नाटक समन्वयक बाईंनी घरोघर जाणाऱ्या बायकांकडून करून घेतलेलं असतं. आठवडाभर रोज पंधरा-वीस मिनिटं आई हेच मुलाबरोबर करते. वाचायला अडखळणारी बाईसुद्धा हे करू शकते, कारण धडा तिच्या कानात आणि हातात आधीच बसलेला असतो.

इस्रायलमधले काही जण म्हणतील, की यात अमेरिकेचा काय संबंध? नवागतांना हिब्रू शिकवणारे ‘उल्पान’ वर्ग १९४९ पासून होते, आणि १९६० च्या दशकात तर लष्करातल्या तरुण मुली शिक्षिका म्हणून वस्त्यांमध्ये जाऊन आयांना लिहायला-वाचायला शिकवत होत्या. ‘हा-एत्गार’ त्यातूनच उगवला असेल. आक्षेप रास्त आहे, पण पुरता पटत नाही. गणवेशातली वीस वर्षांची शिक्षिका आणि तिच्यासमोर पाटी धरून बसलेली चाळिशीची आई, हे नातं कॅलिफोर्नियाच्याच जातीचं आहे. लोंबार्ड यांच्या पद्धतीत शेजारीण शेजारणीला सांगते. स्वयंसेवी बायकांनी बायकांच्या घरी जाणं, सरकारी माणसाला दारात न आणणं, ही रीत काउन्सिलची जुनी होती. संस्थेमागचा पैसा काउन्सिलचा, हे कागदोपत्री आहे. त्या पैशाबरोबर ही रीतही समुद्र ओलांडून गेली असणार, हा तर्क. पण कॅलिफोर्निया आणि उल्पान या दोन्ही दाव्यांपेक्षा तो घटनांना जास्त चपखल बसतो.

परतीच्या प्रवासात एका वर्तमानपत्राचाही वाटा होता. १९८४ मध्ये हा कार्यक्रम अमेरिकेत आला, आणि आणण्यात काउन्सिलचाच हात होता. पुढच्या वर्षी आर्कान्सॉच्या गव्हर्नरांच्या पत्नी हिलरी क्लिंटन फ्लोरिडात असताना त्यांनी तिथल्या वर्तमानपत्रात त्याच्याविषयी वाचलं, चौकशी केली आणि आपल्या गरीब राज्यात तो सुरू करवला. तिथली बहुतेक घरं इंग्रजीच बोलणारी होती. पण लवकरच टेक्सास, फ्लोरिडा, कॅलिफोर्नियात पुडक्यांच्या स्पॅनिश प्रती निघू लागल्या.

आणि इथेच कुळात एक मोठा बदल झाला. इस्रायलमध्ये मूळ कार्यक्रम हिब्रूचा होता. घरची भाषा कुठली का असेना, मुलाला शाळेच्या भाषेत आणायचं. अमेरिकेत स्पॅनिश बोलणाऱ्या आईच्या हाती स्पॅनिश पुस्तक दिलं जाऊ लागलं. या वळणाचं श्रेय मात्र दुसऱ्याच शाखेला द्यावं लागतं. कॅलिफोर्नियातल्या पाहारो खोऱ्यात, वॉटसनव्हिलच्या परिसरात, १९८६ साली आल्मा फ्लोर आदा यांनी मेक्सिकन शेतमजूर आईबापांना संध्याकाळी ग्रंथालयात बोलावलं. त्यांना स्पॅनिश बालपुस्तकं वाचून दाखवली, पुस्तकावर बोलतं केलं आणि पुस्तकं घरी नेऊ दिली. मुलांनी रचलेल्या गोष्टी आईबापांनी उतरवून घेतल्या. त्यामागे ब्राझीलच्या पावलो फ्रेरींचा विचार होता. मूल इंग्रजीत पळू लागलं आणि आई स्पॅनिशमध्येच राहिली तर दोघांत बोलणंच उरत नाही, हा त्या कामाचा गाभा. बोस्टनच्या एल्सा आउअरबाख यांनी १९८९ मध्ये हार्वर्डच्या शिक्षणविषयक नियतकालिकात हीच गोष्ट कडक शब्दांत मांडली. शाळेच्या सवयी घरात ओतणं म्हणजे कुटुंब साक्षरता नव्हे. स्थलांतरितांच्या घरात मुलं मोठ्यांसाठी पत्रं वाचतात, दुभाषी होतात, मोठी माणसं स्वतःच्या भाषेत गोष्टी सांगतात, ही साक्षरता आधीपासून तिथे असते. डेनी टेलर यांनी १९८३ मध्ये ‘कुटुंब साक्षरता’ ही संज्ञा आपल्या पुस्तकासाठी घेतली तेव्हा त्यांनाही घरात चाललेलंच टिपायचं होतं.

‘ईव्हन स्टार्ट’ने हे फारसं ऐकलं नाही. २००० नंतर त्याचा वार्षिक निधी पंचवीस कोटी डॉलरपर्यंत चढला. २००३ च्या राष्ट्रीय मूल्यमापनात मात्र सहभागी कुटुंबांची प्रगती सहभागी नसलेल्या कुटुंबांपेक्षा जास्त नाही असं दिसलं, आणि २०११ मध्ये निधी थांबला. केंटकीच्या शाखेला सगळ्या कुळाचं मूळ मानणाऱ्यांना हा शेवट पूर्णविराम वाटतो. तो तसा नाही, कारण जेरुसलेमची शाखा तोवर अनेक देशांत पसरली होती. इस्तंबूलमध्ये चिदेम काआतचबाशी यांनी १९८२ पासून तीच पुडकी तुर्की करून वापरली. अ‍ॅमस्टरडॅममध्ये १९८७ मध्ये ‘ओप्स्टाप’ नावाने तुर्की आणि मोरोक्कन कुटुंबांसाठी ती आणली गेली, तीही घरच्या भाषेत. मेलबर्नच्या फिट्झरॉय भागात १९९८ मध्ये ‘ब्रदरहूड ऑफ सेंट लॉरेन्स’ या संस्थेने ती सुरू केली, देशोदेशीच्या स्थलांतरितांनी भरलेल्या सरकारी उंच इमारतींमध्ये. तिथे पुडकं इंग्रजीत असतं, आणि ते घेऊन येणारी शेजारीण अनेकदा आईच्याच भाषेत बोलणारी असते. या कामाचा तिला पगार मिळतो, आणि ती कायम त्यातच राहू नये म्हणून नेमणूक मुदतीचीच असते: दोन-तीन वर्षं घरं फिरायची, मग बालवाडी, ग्रंथालय किंवा आणखी कुठली नोकरी धरायची आणि आपली जागा इमारतीतल्या पुढच्या आईला द्यायची.