ऊसतोड कामगार आणि क्षयरोग : उपचार अर्धवट का राहतात?

लातूर जिल्ह्यातील अहमदपूर आणि शेजारच्या नांदेड जिल्ह्यातील कंधार, लोहा, मुखेड या तालुक्यांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास अनेक कुटुंबे ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घेऊन ती पश्चिम महाराष्ट्रातील किंवा कर्नाटकातील कारखान्यांवर पोहोचतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. साध्या क्षयरोगाचा उपचारही किमान ६ महिने चालतो. त्यामुळे निघण्याच्या तोंडावर किंवा हंगामात निदान झाले, तर रुग्णाचा उपचार एकाच गावी पूर्ण होणे कठीण असते.

धोका कशामुळे वाढतो?
फुप्फुसाच्या क्षयाचे जंतू हवेतून पसरतात. फडाजवळच्या कोपीत सगळे कुटुंब दाटीने राहते. अपुऱ्या आहारामुळे प्रतिकारशक्ती घटते. दवाखान्यात जायचे तर कामाचा खाडा होतो आणि मजुरी बुडते, म्हणून खोकला अंगावर काढला जातो.

तपासणी कधी करावी?
दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळी येणारा ताप, रात्रीचा घाम, वजन घटणे किंवा थुंकीतून रक्त यांपैकी एक लक्षण असले तरी थुंकी तपासावी. सरकारी दवाखान्यात ही तपासणी मोफत होते. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट यंत्रावर काही तासांत निदान होते. रिफाम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल का, हेही कळते. गाव सोडण्यापूर्वीच तपासणी केलेली उत्तम.

गाव बदलल्यावर औषधांचे काय?
प्रत्येक रुग्णाची ‘निक्षय’ या सरकारी संगणक प्रणालीत नोंद होऊन त्याला क्रमांक मिळतो. निघण्यापूर्वी आरोग्य कर्मचाऱ्याला मुक्कामाचे ठिकाण सांगितल्यास उपचार तिथल्या केंद्राकडे वर्ग करता येतो. क्रमांक आणि उपचाराचे कागद जवळ ठेवावेत. अडचण आल्यास १८००-११-६६६६ हा मोफत दूरध्वनी क्रमांक आहे.

निक्षय पोषण योजना एप्रिल २०१८ मध्ये सुरू झाली, तेव्हा महिन्याला ५०० रुपये मिळत. नोव्हेंबर २०२४ पासून ही मदत १,००० रुपये आहे. ती बँक खात्यात जमा होते, त्यामुळे स्थलांतरातही मिळू शकते.

अर्धवट उपचाराचा परिणाम
पहिल्या एक-दोन महिन्यांत खोकला थांबतो, अंगात ताकद येते आणि औषध सोडले जाते. उरलेले जंतू मात्र पुन्हा वाढतात आणि औषधांना दाद न देणारा क्षय होऊ शकतो. त्याचा उपचार अधिक कठीण असतो. रुग्णासोबत कोपीत राहणाऱ्या सर्वांची, विशेषतः लहान मुलांची, तपासणीही तितकीच गरजेची आहे.