चाकणच्या वह्या

कॉट बेसिसच्या खोलीत माणसाला नाव नसतं, जिल्हा असतो. चाकणला आमची अशी एक खोली होती. पाच खाटा, पाच जिल्हे. मी सोलापूर. माझ्या समोरच्या खाटेवर जालना. तो एका प्रेस शॉपमध्ये ठेकेदाराकडून हेल्पर म्हणून लागला होता आणि मी दुसऱ्या एका कारखान्यात क्वालिटीला. आमच्या पाळ्या क्वचितच जुळायच्या. एकदा दोघांचीही सेकंड शिफ्ट लागली. रात्री साडेबाराला डबा उघडून बसलो, तेव्हा त्यानं माझ्या उशाकडे बोट केलं.

"सोलापूर, ते जाड पुस्तक वाचतोस का नुसतंच उशाला घेतोस?"

"दोन्ही."

"काय हाय एवढं त्यात?"

ते पुस्तक म्हणजे तुकारामांची गाथा. २०१६ च्या जानेवारीत पिंपरीत एचए कंपनीच्या मैदानावर ८९ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं होतं, तिथल्या ग्रंथप्रदर्शनात घेतलेली. आवडतं पुस्तक कुठलं असं कुणी विचारलं की मी गाथेचं नाव घेतो. 'का आवडतं' हा प्रश्न मात्र दर वेळी अडचणीत टाकतो. त्या रात्रीही मी शाळेतलं ठरलेलं उत्तर दिलं. थोर संत, थोर कवी, भाषेचं वैभव वगैरे. जालना जेवत राहिला. मग मी म्हणालो, "अरे, हा माणूस दुकानदार होता. दुष्काळात दिवाळं निघालं त्याचं."

त्यानं हात धुतला आणि गाथा उचलली.

पुढचे काही आठवडे मी त्याला तुकड्यातुकड्यांनी जे सांगत होतो, तेच इथे जरा नीट मांडतो. एखादं आवडतं पुस्तक एका माणसाकडून दुसऱ्याकडे कसं जातं याची ही गोष्ट आहे, आणि ती बरीचशी आपल्याच पट्ट्यात घडली आहे. देहू, चाकण, तळेगाव, कडूस. आज यातल्या बहुतेक नावांच्या पाट्या कंटेनरच्या रांगेत अडकलेलं असताना वाचायला मिळतात.

आधी ते दिवाळं. तुकोबांचं घराणं देहूतलं, मोरे-आंबिल्यांचं. वाण्याचं दुकान, शेती आणि सावकारी, म्हणजे घर बऱ्यापैकी खातंपितं. १६३० च्या आसपास महाराष्ट्रात जो मोठा दुष्काळ पडला त्यात दुकान बसलं, गुरं गेली, पहिली बायको अन्नावाचून गेली, मुलगा गेला. या पडझडीबद्दल आणि लोकांत वाटलेल्या लाजेबद्दल तुकोबांनी स्वतःच्या अभंगांत लिहून ठेवलं आहे. घरात लोकांना दिलेल्या कर्जाची खतं होती. चरित्रकार महीपती सांगतात की तुकोबांनी ती धाकट्या भावाशी, कान्होबाशी, निम्मीनिम्मी वाटून घेतली. भावाचा वाटा भावाला दिला आणि आपल्या वाट्याची खतं इंद्रायणीत बुडवून टाकली.

म्हणजे इंद्रायणीत आधी बुडाली ती कर्जाची कागदपत्रं. गाथा नंतर.

ती दुसरी गोष्ट सगळ्यांना माहीत असते. वाघोलीच्या रामेश्वर भटांनी आक्षेप घेतला, शूद्रानं असं लिहू नये म्हणून वह्या नदीत बुडवाव्या लागल्या. तुकोबा काठावर उपाशी बसले. तेरा दिवसांच्या त्या धरण्याचा उल्लेख त्यांच्या अभंगांत आहे आणि वह्या पाण्यानं राखल्या, असंही ते म्हणतात. भाविक याला चमत्कार मानतात. दुसरी एक समजूत इकडच्या गावांतून ऐकायला मिळते. वह्या बुडाल्या तरी अभंग लोकांच्या तोंडात होते. ज्याला जेवढं पाठ होतं तेवढं त्यानं म्हटलं आणि लिहिणाऱ्यांनी ते पुन्हा लिहून काढलं. नदीकाठी त्या दिवसांत नेमकं काय झालं याचा निवाडा मी करणार नाही. पण त्यानंतरची दोनशे वर्षं गाथा कशी टिकली, याचं वर्णन म्हणून ही समजूत अगदी बरोबर आहे.

त्या लिहिणाऱ्यांत एक चाकणचा होता. संताजी जगनाडे, जातीनं तेली, जन्म १६२४ च्या सुमाराचा. चाकण तेव्हाही बाजाराचं गाव होतं. संताजींचा तेलाचा घाणा होता. तुकोबांचं कीर्तन ऐकून ते इतके भारावले की घरदार सोडून मागे निघाले. तुकोबांनी त्यांना संसार सोडू दिला नाही, अशी आठवण सांगतात. मग ते टाळकरी झाले, तुकोबांचे म्हणून जे चौदा टाळकरी सांगितले जातात त्यांतले एक. दिवसा घाणा, रात्री कीर्तन आणि मधल्या वेळात बोरू. कीर्तनात ऐकलेलं वहीत उतरवायचं. हेच काम कडूसचे गंगाजी मवाळ करत होते. ते ब्राह्मण. एकाच कवीचे शब्द एक तेली आणि एक ब्राह्मण आपापल्या वहीत लिहून घेत आहेत, हे दृश्य सतराव्या शतकातल्या खेड तालुक्यातलं आहे. त्याच वेळी, कुणी काय लिहावं यावरून शेजारी वह्या बुडवल्या जात होत्या.

जालन्यानं इथे मला थांबवलं होतं. "पण लिहून कशाला घ्यायचं? पाठ होतंच की."

मला वाटतं, दुसऱ्याला देता यावं म्हणून. पाठ असलेलं आपल्याबरोबर संपतं, वही हातातून हातात जाते. आणि गळ्यावरून गळ्यावर तर अभंग त्याहून लांब जायचे. बहिणाबाई या तरुण ब्राह्मण बाईनं तुकोबांचे अभंग पहिल्यांदा ऐकले ते कोल्हापुरात, जयरामस्वामींच्या कीर्तनात. कवी हयात होता, देहूत होता, आणि त्याचे शब्द कोल्हापुरात गायले जात होते. ना छापखाना, ना टपाल. नवऱ्याचा विरोध होता, मारहाणही झाली. शेवटी बहिणाबाई त्याच कुटुंबासह देहूला येऊन राहिल्या. हे सगळं त्यांनी आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत सांगितलं आहे. आवडत्या कवीपायी कुणी इतकं सोसल्याची दुसरी गोष्ट मला चटकन आठवत नाही.

१६५० मध्ये तुकोबा गेले. दहा वर्षांनी, १६६० मध्ये, शाहिस्तेखानानं चाकणच्या संग्रामदुर्गाला वेढा घातला. फिरंगोजी नरसाळ्यांनी तो भुईकोट पन्नासहून अधिक दिवस लढवला. मोगलांच्या धामधुमीत संताजींनी घरातलं बाकी काही नाही, पण वह्या तेवढ्या वाचवल्या, अशी परंपरा आहे. पुढे संताजी सुदुंबऱ्याला वारले. तळेगाव-चाकण रस्त्याच्या परिसरातलं ते गाव. तिथे त्यांची समाधी आहे.

त्यानंतर दोन शतकं गाथा हातांनी आणि गळ्यांनीच चालली. ज्याला जे आवडलं ते त्यानं उतरवलं. कुणी पाठ होतं तसं लिहिलं, कुणी ऐकू आलं तसं. कुणाच्या वहीत एक कडवं जास्त, कुणाच्या वहीत शब्दच वेगळा. 'तुका म्हणे' अशी छाप घालून इतरांनी रचलेलंही काही त्यात मिसळलं असणार.

छापील गाथेचा मोठा प्रयत्न झाला तो १८६९ मध्ये. मुंबई सरकारनं त्यासाठी २४,००० रुपये मंजूर केले. विष्णु परशुरामशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी संपादन केलं आणि इंदुप्रकाश छापखान्यातून दोन भाग निघाले, १८६९ आणि १८७३ मध्ये. संपादकांनी ताडून पाहण्यासाठी जी हस्तलिखितं जमवली ती देहूची, कडूसची, तळेगावची आणि पंढरपूरची. पंढरपूर सोडलं तर सगळी आपल्या आजच्या कंपनीच्या बसच्या रूटवरची नावं. ४,६०७ अभंगांची जी 'सरकारी गाथा' १९५० मध्ये मुंबई सरकारनं पुन्हा छापली, तिचं मूळ या खटाटोपात आहे.

संताजींच्या वहीची पाळी आणखी उशिरा आली. ठाण्याचे वि. ल. भावे जुन्या हस्तलिखितांच्या मागे आयुष्यभर फिरलेला माणूस. जगनाड्यांच्या घराण्यात जपलेल्या वहीवरून त्यांनी १९१९-२० मध्ये एक गाथा छापली आणि तिला नाव दिलं 'तुकारामबुवांचा अस्सल गाथा'. त्यात अभंग सुमारे तेराशेच आहेत. म्हणजे सरकारी गाथेच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. अभ्यासक त्यावर वाद घालतात, घालावा. मला त्या आकड्याकडे पाहून दुसरंच काहीतरी वाटतं. घाणा चालवून उरलेल्या वेळात एका माणसानं हातानं इतके अभंग लिहिले, आणि ते तीनशे वर्षं एका तेल्याच्या घरात सांभाळले गेले.

गाथा छापून सगळ्यांच्या हाती आल्यावर जे झालं ते मला फार आवडतं. प्रत्येकानं तीच गाथा उघडली आणि वेगळीच उचलली. मुंबईच्या प्रार्थना समाजवाल्यांना तिच्यात आपली उपासना सापडली. रेव्हरंड ना. वा. टिळक म्हणत की आपण ख्रिस्ताकडे गेलो ते तुकोबांच्या पुलावरून. गांधीजींनी १९३० मध्ये येरवड्याच्या तुरुंगात बसून काही अभंगांची इंग्रजी भाषांतरं केली. दिलीप चित्र्यांना त्यात एक एकटा, आधुनिक कवी दिसला आणि त्यांनी १९९१ मध्ये तो इंग्रजीत जगापुढे ठेवला. पुस्तक एकच, पण ज्याची त्याची वही निराळी.

हे मला वाचून माहीत होतं. डोळ्यांनी पाहिलं ते आमच्या खोलीत.

जालना गाथा वाचायचा आणि आवडलेले अभंग उतरवून घ्यायचा. वही नव्हती. लाइनवरची रद्दीत जाणारी चेकशीट असतात, एका बाजूला मापांचे चौकोन आणि मागची बाजू कोरी. त्या कोऱ्या बाजूंवर बॉलपेननं, शाळेतल्यासारख्या गोल अक्षरात. मी एकदा म्हटलं, "फोटो काढ ना, मोबाइल आहे हातात." तो म्हणाला, "फोटो काढले की वाचत नाय मी. हजार फोटो हायेत, कोण बघतं."

सात महिने भरल्यावर ठेकेदारानं त्याला ब्रेक दिला. ठेक्यावरच्या कामगारांना हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. ब्रेक म्हणजे घरी जा, गरज लागली की बोलावू. बॅग भरताना त्यानं गाथा माझ्या खाटेवर ठेवली, वर कपडा झटकून. चेकशीटांचा गठ्ठा मी पाहायला मागितला. एकूण एकेचाळीस अभंग होते.

मी माझ्या प्रतीत पेन्सिलीनं खुणा केलेल्या आहेत. त्या ताडून पाहिल्या. माझ्या खुणा बहुतेक शब्दांवर, लिहिण्यावर, कवितेवर बोलणाऱ्या अभंगांवर. त्याच्या गठ्ठ्यात भूक होती, देणं होतं, पाहुण्यांसमोर मान खाली जाणं होतं, बायकोची चिडचिड होती, देवाशी केलेलं सरळ भांडण होतं. त्याच्या घरी सोसायटीचं आणि एका सावकाराचं कर्ज होतं, हे मला तेव्हा कळलं. सात महिने आम्ही समोरासमोर झोपत होतो. एकेचाळीसांपैकी फक्त तीन अभंग दोघांचे होते.

'थोर कवी, भाषेचं वैभव' हे माझं उत्तर खोटं नव्हतं. पण ते माझंही नव्हतं. ज्याला जे लागलं ते त्यानं उतरवून घेतलं, एवढंच या पुस्तकाच्या आवडण्याबद्दल मला खात्रीनं सांगता येतं.

त्याला परत बोलावणं आलं नाही. निदान त्या ठेकेदाराकडून तरी नाही. दिवाळीनंतर एका रात्री त्याचा फोन आला. गावी असताना तो त्या चेकशीटांवरचे अभंग आईला वाचून दाखवत होता. तिला वाचता येत नाही, पण एकादशीचं भजन तिनं कधी चुकवलेलं नाही. एका अभंगाला तिनं त्याला मध्येच अडवलं.

"म्हणली, चुकलं तुझं. पुस्तकात चुकलंय."

"मग?"

"ती म्हणते तो शब्द यगळा हाय. आमच्या गावात तसंच म्हणत्यात."

मी गाथा काढून पाहिली. छापलेला शब्द वेगळा होता आणि आईचाही बरोबर बसत होता, चालीत तर जास्तच. तिनं तो कुणाकडून ऐकला, त्यानं कुणाकडून, हे आता कोण सांगणार. १८६९ मध्ये पंडितांच्या टेबलावर कडूसची आणि तळेगावची प्रत शेजारी ठेवल्यावर असेच शब्द समोर आले असणार. अशा शब्दाला संपादक पाठभेद म्हणतात आणि खाली बारीक टाइपात देतात.

"मग काय केलंस?" मी विचारलं.

"आईचा शब्द घातला. पुस्तकातला खोडला नाय, कंसात ठेवला."