देवगडचे परडे : वेल, बी आणि चूल

देवगडचे नाव निघाले की हापूस आठवतो. मात्र ज्या घरांभोवती हा आंबा पिकतो, त्या घरांची रोजची भाजी पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच एका लागवडीतून आली आहे. घराच्या मागील बाजूस, न्हाणीघर आणि विहीर यांच्या लगतची एक-दोन गुंठ्यांची जागा या भागात 'परडे' म्हणून ओळखली जाते. हापूस विकण्यासाठी, परडे खाण्यासाठी, अशी ही साधी विभागणी आहे. बागेचा हिशोब बहुधा पुरुषांकडे असतो. परड्यात कोणता वेल कोठे चढवायचा आणि कोणते फळ बियांसाठी राखायचे, हे घरातील स्त्रिया ठरवतात.

जमीन आणि तिची मशागत

देवगड तालुक्याचा किनाऱ्यालगतचा बराच भाग जांभ्या दगडाच्या सड्यांचा आहे. कातळात सुरुंग लावून, खड्ड्यांत माती भरून येथे आंब्याची लागवड झाली. परडेही अनेक ठिकाणी असेच उभे राहिले आहे. बाहेरून आणलेली माती जांभ्या दगडाच्या गडग्याने अडवायची आणि दरवर्षी तिच्यात भर घालायची, ही येथील रीत आहे. जांभी माती आम्लधर्मी असते आणि मुसळधार पावसात तिच्यातील अन्नद्रव्ये वाहून जातात. चुलीची राख, शेणखत आणि कुजलेला पातेरा आळ्यात घालण्याच्या जुन्या पद्धतीमागे हेच कारण आहे. राखेमुळे आम्लता कमी होते व पालाश मिळते. पातेऱ्यामुळे माती भुसभुशीत राहते.

पाण्याच्या दृष्टीने परड्याचे दोन हंगाम होतात. पहिला पावसाचा. मृगाच्या आगेमागे दोडका (शिराळे), घोसाळे, पडवळ, कारले, भोपळा, तवसे व चिबूड यांचे बी आळ्यात टाकले जाते. भेंडी आणि अळूही याच वेळी लावतात. उंचवट्यावर आळे करणे महत्त्वाचे, कारण साचलेल्या पाण्याने वेल कुजतात. वेल मांडवावर चढवले की फळ जमिनीला टेकत नाही आणि सरळ वाढते. भेंडीला दीड-दोन महिन्यांत फळ धरते, दोडक्याला सुमारे दोन महिने लागतात. चार-पाच माणसांच्या कुटुंबाला प्रत्येक वेलभाजीची दोन-तीन आळी पुरेशी होतात.

दुसरा हंगाम भातकापणीनंतरचा. ओलावा टिकणाऱ्या जागेत, पूर्वी लाटीने किंवा रहाटाने आणि आता पंपाने पाणी देऊन लाल माठ, मुळा, वांगी, मिरची, नवलकोल आणि वाल घेतले जातात. लाल माठ महिनाभरात काढणीस येतो. न्हाणीघराचे सांडपाणी अळू, केळ आणि हळदीकडे वळवण्याची पद्धत अजूनही अनेक घरांत दिसते.

पावसाळी वेलभाज्यांबाबत एक अडचण नवख्यांच्या लक्षात येत नाही. या वेलींवर नर व मादी फुले वेगवेगळी येतात. तवशाची आणि कारल्याची फुले सकाळी उमलतात, दोडक्याची सायंकाळी, तर पडवळाची रात्री. संततधार पावसात मधमाश्या व पतंग फिरकत नाहीत. मग मादी फुलामागील कोवळे फळ पिवळे पडून गळते. अशा दिवसांत ताजे नर फूल तोडून त्याचे पराग मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच टेकवल्यास फळ धरते. फळमाशीने डंख केलेली फळे परड्यात तशीच न टाकता खोल पुरावीत.

परड्यातून चुलीवर

पावसाळ्यात यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते आणि देवगड बंदर शांत होते. ताजी मासळी दुर्मीळ झालेल्या या काळात ताटाचा भार परड्यावर येतो. उन्हाळ्यात वाळवून ठेवलेला जवळा दोडक्यात किंवा लाल माठात घातला की ओले खोबरे आणि कोकम यांच्या साथीने भाकरीबरोबरचे जेवण पूर्ण होते. मासेमारी पुन्हा सुरू झाली की याच दोडक्यात ताजी कोळंबी पडते.

सणांचे पानही परड्यानेच ठरवले आहे. गोकुळाष्टमीला सिंधुदुर्गात आंबोळ्या, काळ्या वाटाण्याची उसळ आणि शेगलाची, म्हणजे शेवग्याच्या पाल्याची, भाजी होते. गणपतीच्या डोक्यावर बांधल्या जाणाऱ्या माटवीला तवसे, दोडका, पडवळ, चिबूड आणि नारळ टांगले जातात. मृगात लावलेल्या वेलींना नेमकी याच सुमारास फळे असतात. दुसऱ्या दिवशीच्या ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमाचे अन्न वर्ज्य मानतात. नांगर न फिरलेल्या परड्यातील अळू, भेंडी, लाल माठ, पडवळ, भोपळा आणि सुरण यांची एकत्र भाजी त्या दिवशी शिजते.

अळूच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. घशाला खाज सुटते ती त्यांमुळे. म्हणून अळू चांगले शिजवावे आणि त्यात चिंच किंवा कोकम घालावे. फणसाच्या आठळ्या वा भिजवलेले चणे घातल्याने फतफत्याला दाटपणा येतो.

जून झालेल्या तवशाचे धोंडस हा तर परड्याचा खास पदार्थ. तवसे सोलून, बिया काढून किसावे. भाजलेल्या तांदळाच्या रव्यात हा कीस त्याच्या पाण्यासकट मिसळावा. गूळ, ओले खोबरे, वेलदोडा व चिमूटभर मीठ घालून मिश्रण शिजवून घट्ट करावे. जाड बुडाच्या भांड्यात हळदीची पाने अंथरून त्यावर ते ओतावे आणि खाली-वर निखारे ठेवून मंद आचेवर भाजावे. शहरात ओव्हन चालतो. रवा वेगळ्या पाण्यात भिजवू नये. तवशाच्या रसातच त्याची चव आहे.

बी राखण्याची विद्या

हे सारे ज्यावर अवलंबून आहे ते म्हणजे घरचे बी. वेलीवरचे एक चांगले, सुरुवातीचे फळ न तोडता राखले जाते. दोडका आणि घोसाळे वेलीवरच वाळू देतात. आतल्या जाळीत बी सुरक्षित राहते. ते चुलीवर धुराच्या वाटेत टांगले की कीड लागत नाही. पिकलेल्या तवशाचे बी धुऊन, राखेत घोळून सुकवतात. भोपळा तर आढ्याला टांगलेला महिनोन्‌महिने टिकतो.

या विद्येचा धागा मात्र नाजूक आहे. घाटावरून, बेळगाव आणि कोल्हापूरकडून, वर्षभर भाजी येऊ लागली. मुले मुंबईला गेली, वृद्धांना मांडव घालणे झेपेना, वानर-माकडांचा उपद्रव वाढला. एक-दोन वर्षे वेल लागला नाही की जपलेल्या बियांची उगवण घटते आणि त्या घरचा वाण संपतो. दुकानातून आणलेल्या संकरित बियाण्याने ती पोकळी भरत नाही. त्याच्या फळाचे बी पुढील वर्षी लावल्यास तेच गुण मिळत नाहीत.

पर्याय नाहीत असे नव्हे. १९७२ साली स्थापन झालेल्या दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने येथील हवामानासाठी 'कोकण तारा' हे कारले, 'कोकण हरिता' हा दोडका, 'कोकण भूषण' हा वाल आणि 'कोकण हरितपर्णी' हे अळू विकसित केले आहे. शेतकऱ्याला आपले बी राखण्याचा, पेरण्याचा आणि देवाणघेवाण करण्याचा हक्क २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने मान्य केला आहे. अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाणांची बियाणे बँक उभी केली; त्यांना २०२० चा पद्मश्री जाहीर झाला. बियाणे जपणे हे घरच्या परसातून सुरू होणारे काम आहे, हे त्यांच्या कामाने दाखवून दिले.

गणपतीला गावी जाणाऱ्यांसाठी हा काळ सोयीचा असतो, कारण तेव्हा वेल फळांनी लगडलेले असतात. घरातील वडीलधाऱ्या बाईला विचारून एक दोडका वेलीवर वाळण्यासाठी राखून ठेवावा, दिवाळीच्या सुमारास त्याचे बी काढून कोरड्या बाटलीत राखेसह भरावे आणि बाटलीवर वाणाचे, गावाचे नाव व साल लिहावे. मोठ्या कुंडीत, दिवसाचे पाच-सहा तास ऊन येणाऱ्या गच्चीवर हा वेल शहरातही होतो. अर्धे बी मात्र गावातच शेजारच्या घरी द्यावे. एका घरचा वेल गेला तर त्याचे बी दुसऱ्या घरी मिळते, हीच परड्याची जुनी सोय आहे.