माकडतापाचा माग : सायबेरियापासून गोठ्यापर्यंत

१९५७ च्या मार्च महिन्यात तत्कालीन म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यातून पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राकडे एक अस्वस्थ करणारी वार्ता आली. सोरब तालुक्यातील क्यासनूर अरण्यात माकडे मरून पडत होती आणि अरण्यालगतच्या खेड्यांतील माणसे तीव्र तापाने अंथरूण धरत होती. हे केंद्र १९५२ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि रॉकफेलर प्रतिष्ठान यांनी मिळून स्थापन केले होते. आजची राष्ट्रीय विषाणू संस्था ती हीच. तेथील शास्त्रज्ञांच्या मनात प्रथम भीती उभी राहिली ती पीतज्वराची. दक्षिण अमेरिकेतील जंगलांत पीतज्वराची साथ माकडांच्या मृत्यूनेच जाहीर होते. तो वाहून नेणारा एडीस डास भारतात विपुल असूनही हा रोग येथे कधी आला नव्हता. तो आला असता तर काय अनर्थ झाला असता, याची कल्पना त्या मंडळींना होती.

सुदैवाने तो पीतज्वर नव्हता. डॉ. टेलफर्ड वर्क, हॅरॉल्ड ट्रॅपिडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळा केलेला विषाणू रशियातील वसंत-ग्रीष्म मस्तिष्कज्वराच्या विषाणूचा नातलग निघाला. तो डासांमार्फत नव्हे, तर गोचिडीमार्फत पसरत होता. अरण्याचेच नाव रोगाला मिळाले : क्यासनूर फॉरेस्ट डिसीज. आपल्याकडे लोक त्याला सरळ ‘माकडताप’ म्हणतात.

आता प्रश्न असा की, रशियातील विषाणूचा भाऊबंद पश्चिम घाटात कसा? उत्तर म्हणून एक आकर्षक तर्क पुढे आला. दर हिवाळ्यात सायबेरियाकडून येणाऱ्या पक्ष्यांच्या अंगावरील गोचिडींनी तो आणला असावा. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या पक्षी-कडी घालण्याच्या मोहिमेला जागतिक आरोग्य संघटनेचे जे साहाय्य मिळाले, त्यामागे हा तर्क होता. डॉ. सलीम अली यांच्या मार्गदर्शनाखाली हजारो पक्षी पकडले गेले, त्यांच्या पायांत कड्या घातल्या गेल्या, अंगावरचे परजीवी वेचले गेले. भारतीय पक्षिशास्त्राचा त्यातून मोठाच लाभ झाला. माकडतापाच्या पक्षिमार्गाचा पुरावा मात्र हाती लागला नाही. एखादे संकट दूरदेशाहून आले असे मानण्यात मनाला एक सुप्त सोय वाटते, असे मला हा इतिहास वाचताना नेहमी वाटते.

उत्तराचा मोठा भाग पायाखालच्या पाचोळ्यात होता. गोचीड हा कीटक नव्हे, तर कोळ्याच्या कुळातला जीव. माकडतापाची मुख्य वाहक ‘हिमॅफिसॅलिस स्पिनिजेरा’ ही जात आयुष्यात तीन वेगवेगळ्या प्राण्यांचे रक्त पिते. पावसाळ्यानंतर अंड्यांतून सहा पायांचे डिंभ बाहेर पडतात. ते उंदीर, चिचुंद्री, पक्षी, माकडे अशा यजमानांवर पोसतात. मग जमिनीवर पडून कात टाकतात आणि आठ पायांच्या, मोहरीहूनही लहान किशोरावस्थेत, म्हणजे ‘निंफ’ रूपात येतात. माणसाला चावते ती प्रामुख्याने हीच अवस्था, आणि तिचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते मे. प्रौढ गोचीड पावसाळ्यात गुरांवर चढते, रक्त पिऊन टम्म फुगते, खाली पडते आणि हजारो अंडी घालते. प्रत्येक यजमानावर ती काही दिवसच असते; उरलेले सारे आयुष्य पाचोळ्यात, भेगांत, गवताच्या बुंध्याशी.

या साखळीतील गुरांची जागा होर्हे बोशेल या कोलंबियन संशोधकाने १९६९ मध्ये नेमकी दाखवली. भातशेतीसाठी जंगल तोडले गेले, वस्ती आत सरकली, वस्तीबरोबर गाईगुरे रानात चरायला गेली. गुरे या विषाणूचा विशेष प्रसार करीत नाहीत, पण प्रौढ गोचिडींना ती भरपेट अन्न पुरवतात. पूर्वी रानात विरळ असलेली गोचीड गुरांच्या वाटांवर दाट झाली. त्याच सीमेवरच्या घाणेरीच्या झुडपांत उंदीर वाढले, माकडे उतरली. विषाणू बहुधा फार जुना असावा. नवी होती ती ही गर्दी.

माणसात चाव्यानंतर तीन ते आठ दिवसांनी ताप, असह्य अंगदुखी आणि कधी रक्तस्राव होतो. दर शंभर रुग्णांपैकी तीन ते पाच दगावतात. नेमके औषध नाही. रशियन लसीचा प्रयोग निष्फळ ठरल्यावर कोंबडीच्या भ्रूणपेशींवर वाढवलेल्या निष्क्रिय विषाणूची देशी लस तयार झाली आणि ती कर्नाटकात दशकानुदशके दिली गेली. २००५ ते २०१० या काळातील नोंदींनुसार दोन मात्रांचे संरक्षण सुमारे ६२ टक्के आणि वर्धक मात्रेनंतर सुमारे ८३ टक्के होते. पुढे तिची परिणामकारकता घटली आणि २०२२ मध्ये तिचा वापर थांबला.

या दरम्यान रोग शिमोग्यात राहिला नव्हता. २०१२-१३ मध्ये तो बंदीपूर, निलगिरी आणि वायनाडकडे दिसला, २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील पाली गावात आणि २०१६ पासून सिंधुदुर्गातील दोडामार्ग-सावंतवाडी पट्ट्यात. येथे काजूचा हंगाम आणि निंफांचा हंगाम एकच. गळालेली बोंडे वेचायला माणूस तासन् तास पाचोळ्यात वाकलेला असतो. तोच पाचोळा भाजावळीसाठी आणि गोठ्यात अंथरायला भारे बांधून घरी येतो, आणि त्याच्यासोबत गोचीडही. म्हणून येथे बचावाची जागा जंगल नाही, अंगण आहे. अख्ख्या अरण्यावर कीटकनाशक फवारणे परवडणारे नाही आणि शहाणपणाचेही नाही. उपयोगी ठरते ते घर आणि झाडोरा यांमध्ये पाचोळा नसलेला, ऊन पडणारा पट्टा राखणे, गोठ्याच्या भेगा लिंपणे, गुरांवर पशुवैद्यांच्या सल्ल्याने औषध लावणे. रानात जाताना पूर्ण अंगभर कपडे आणि प्रतिकर्षक तेल लागते. संरक्षण संशोधन संस्थेच्या ग्वाल्हेर प्रयोगशाळेने विकसित केलेले ‘डेपा’ यासाठीच वाटले जाते. परतल्यावर कपडे गरम पाण्यात. चिकटलेली गोचीड चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढावी. रॉकेल ओतू नये, काडी लावू नये, बोटांनी चिरडू नये. मेलेले माकड दिसले तर हात न लावता आरोग्य किंवा वनखात्याला कळवावे, कारण थंड झालेल्या शरीरावरून उतरलेल्या गोचिडी तेथेच नव्या यजमानाची वाट पाहत असतात.

यावर गाझियाबादच्या बाराव्या मजल्यावर राहणारा वाचक म्हणेल, आमच्याकडे कुठे आले जंगल? खरे आहे. माकडताप तेथे नाही. पण कुत्र्यावरची तपकिरी गोचीड, ‘ऱ्हिपिसेफॅलस सँग्विनियस’, तिन्ही अवस्थांत कुत्र्यावरच पोसते आणि संपूर्ण जीवनचक्र घराच्या आत पुरे करू शकते. अंडी घालायला ती भिंतीवर चढते, चौकटीमागच्या फटीत शिरते. कुत्र्याला औषध लावून निश्चिंत झालेल्या घरात महिन्याभराने पुन्हा गोचिडी दिसतात त्या याच फटींतून आलेल्या. क्यासनूरच्या पाचोळ्याचे काम येथे सोफ्याची मागची बाजू करते, इतकाच फरक.

गोचिडी मोजण्याची क्यासनूरकाळातील रीत आजही तीच आहे. पांढऱ्या फ्लॅनेलचा तुकडा काठीला बांधून पाचोळ्यावरून ओढत न्यायचा, ठराविक अंतरावर थांबून उलटा करायचा. त्यावर चिकटलेले तांबूस ठिपके कुपीत भरायचे, कुपीवर गावाचे नाव आणि तारीख लिहायची, आणि ती पुण्याला पाठवायची.