पडद्याआडची नाडी

आमच्या नरसोबाच्या वाडीला माणसे येतात ती दत्तमहाराजांच्या पादुकांवर माथा टेकायला आणि आपले गाऱ्हाणे घालायला. माझी पणजी मात्र जन्मभर वाडीत राहूनही आपले गाऱ्हाणे कुणाजवळ बोलली नाही. तिच्या छातीत गाठ झाली होती. ती लिंबाएवढी होईतो तिने पदराखाली झाकली. अखेर घरच्यांनी तिला बैलगाडीत घालून एका दवाखान्यात नेले. पण तपासणारा पुरुष आहे असे कळताच ती पायरीवरूनच माघारी फिरली. पुढच्या चातुर्मासाला ती नव्हती. ही १९४० च्या आसपासची हकीकत. आजी ती सांगू लागली की आवाज खाली करी.

लहानपणी मला तो पणजीचा हट्ट वाटे. पुढे जुनी चरित्रे वाचनात आली तेव्हा उमजले, की अशा पणज्या घरोघर होत्या. पडद्याआडून हात पुढे करून नाडी दाखवता येते, पोटदुखीचे वर्णन नवराही वैद्याला सांगू शकतो. पण सुरी काही पडद्याआडून चालत नाही! म्हणून बायकांसाठी वेगळा विभाग हवा, आणि त्यात शिकलेली बाई हवी.

हे ज्यांनी स्पष्ट बोलून दाखवले त्या आनंदीबाई जोशी. त्यांचे यजमान गोपाळराव टपाल खात्यात कोल्हापुरास नोकरीला असताना, पत्नीच्या शिक्षणासाठी त्यांनी एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्र धाडले. ते तिकडच्या मासिकात छापले गेले आणि कार्पेंटरबाईंच्या वाचनात आले; त्यातून पुढचे सारे घडले. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या सभेत आनंदीबाईंनी सांगितले, की हिंदुस्थानात स्त्री डॉक्टरांची फार गरज आहे, आणि ते काम करायला आपण तयार आहोत. बोलणारी मुलगी अठराही पुरी झाली नव्हती. पोटचे मूल दहा दिवसांत गमावलेली होती. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात त्या एम. डी. झाल्या.

इकडे मेजर मँटने आखलेली अल्बर्ट एडवर्ड इस्पितळाची देखणी इमारत कोल्हापुरात उभी राहिली होती. तिथल्या स्त्रियांच्या विभागाची जागा दरबाराने आनंदीबाईंना देऊ केली. ज्या गावाहून पत्र निघाले त्याच गावचे बोलावणे आले! त्यांनी होकार दिला. पण क्षयाने पोखरलेले ते शरीर पुण्यापर्यंतच पोचले. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी सारे संपले. विभाग होता, खाटा होत्या. बाई आली नाही.

त्याच सुमारास मुंबईत कामा इस्पितळ उघडले, तिथे डॉ. एडिथ पीची होत्या. कोल्हापूरला मात्र थांबावे लागले. विसाव्या शतकाच्या आरंभी डॉ. कृष्णाबाई केळवकर तिथे रुजू झाल्या. शाहू महाराजांनी त्यांना अधिक शिक्षणासाठी विलायतेलाही पाठवले.

म्हणजे पणजी पायरीवरून फिरली त्याच्या कितीतरी आधीपासून कोल्हापुरात डॉक्टरीण होती. आमच्या घाटावर दूरदूरच्या यात्रेकरूंच्या बातम्या येत. ही एवढी बातमी तेवढी आली नाही, किंवा आली असेल तर पुरुषांच्या पंगतीतच विरली असेल.

मी थोरला झाल्यावर आजीच्या पोटाची शस्त्रक्रिया ठरली. तेच इस्पितळ, आता छत्रपती प्रमिलाराजे यांच्या नावाचे. बायकांच्या विभागाच्या दाराशी आजी थबकली. "तपासायला बाई आहे न्हवं?" तिने परिचारिकेला विचारले. "आहेत, आजी." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तू भाईर थांब."

मी व्हरांड्यात बसून राहिलो.